नावेत काय घेतलं? जलप्रलयाच्या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचताना

जलप्रलयाची गोष्ट जगातल्या सगळ्या प्राचीन संस्कृतींमध्ये सापडते, म्हणजे तो प्रलय खरोखर होऊन गेला असला पाहिजे, असा एक युक्तिवाद नेहमी फिरत असतो. ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्यातलं पहिलं विधान चुकीचं आहे, आणि ते बरोबर असतं तरी त्यातून दुसरं निघालं नसतं. दोन संस्कृतींच्या कथा, चित्रं, शिल्पं शेजारी ठेवताना बहुतेकदा इथेच गाडी घसरते. सारखेपणा दिसला की आपण खूश होतो आणि वाचायचं थांबवतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ते कसं करतात, हे प्रलयाच्याच कथा घेऊन पाहू. तुलना करण्याइतकं साहित्य इतक्या विषयांवर मिळत नाही.

सुरुवात लंडनमधून. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा तरुण अभ्यासक आजच्या इराकमधल्या निनवे या प्राचीन शहरातून आलेल्या मातीच्या फुटक्या पाट्या वाचत होता. त्याचा मूळ धंदा नोटांचे ठसे कोरण्याचा. मातीवर खिळ्यांसारख्या खुणांनी लिहायची कीलाक्षर लिपी तो स्वतःच शिकला होता. या पाट्या असुरबनिपाल या अश्शूरी राजाच्या ग्रंथालयातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातल्या. त्यांतल्या एकीवर त्याला डोंगराला टेकलेली नाव दिसली, आणि त्या नावेतून सोडलेली, कुठे बसायला जागा न मिळाल्याने परत आलेली कबुतरी दिसली. बायबल पाठ असलेल्या त्या काळच्या इंग्रज माणसाला हे काय आहे ते सांगावं लागलं नाही. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने एका सभेत हा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते.

ती पाटी गिल्गामेश या राजावरच्या प्राचीन बाबिलोनी महाकाव्याची अकरावी. उत्नपिश्तिम नावाचा म्हातारा गिल्गामेशला आपली हकीकत सांगतो. देवांनी प्रलय आणायचं ठरवलं आणि बाहेर फोडायचं नाही अशी शपथ घेतली. इया हा चतुर देव शपथ मोडत नाही. तो फक्त वेताच्या कुडाशी बोलतो. कुडाच्या पलीकडे उत्नपिश्तिम असतो, हा निव्वळ योगायोग! मग नाव बांधणं, तिला डांबर फासणं, सहा दिवस सात रात्री वादळ, निमुश डोंगरावर टेकणं, पक्षी सोडणं आणि शेवटी यज्ञ.

आता बायबलमधला नोहा. देव त्याला तारू बांधायला सांगतो, आतून-बाहेरून डांबर लावायला सांगतो. पाऊस पडतो, तारू अरारात डोंगरावर टेकतं, नोहा पक्षी सोडतो, उतरल्यावर होमार्पण करतो आणि देवाला त्याचा सुवास येतो.

यातलं कुठलं साम्य महत्त्वाचं? पाणी, नाव आणि वाचलेलं कुटुंब यांना फारसं वजन नाही. पुराची गोष्ट म्हटली की ते येणारच, दुसरं येणार तरी काय? वजन आहे ते पक्ष्यांना. पाणी ओसरलं का हे पाहायला नावेतला माणूस डोकावून बघू शकला असता, दोरीला दगड बांधून खोली मोजू शकला असता. दोन्हीकडे तो एकामागून एक पक्षीच सोडतो, दोन्हीकडे त्यांत कबुतर आणि कावळा आहेत, दोन्हीकडे आधीचा पक्षी परत येतो आणि शेवटचा येत नाही. शाळेतल्या परीक्षेत दोघांची उत्तरं बरोबर आली तर गुरुजींना संशय येत नाही. दोघांनी एकच चमत्कारिक चूक केली की येतो. तुलनेतही असा अनावश्यक, चमत्कारिक तपशील शोधायचा असतो. पक्ष्यांचा क्रम मात्र बदलला आहे. बाबिलोनी कथेत कबुतर, पाकोळी, कावळा. बायबलात आधी कावळा आणि मग कबुतर.

असा तपशील जुळला तरी उसनवारी सिद्ध होत नाही. गोष्ट इथून तिथे पोचायला वाट होती का, हेही पाहावं लागतं. इथे होती. गिल्गामेश महाकाव्याचा एक तुकडा आजच्या इस्राएलमधल्या मगिद्दो इथे सापडला आहे आणि तो इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या आसपासचा आहे. पुढे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात यहुदी लोक बाबिलोनला बंदिवासात गेले, तेव्हा तर ते त्या कथेच्या माहेरीच राहत होते. म्हणून बहुतेक अभ्यासक या दोन कथांचं नातं मान्य करतात.

नातं ठरलं. आता खरी मजा सुरू होते, कारण आता फरक बोलू लागतात. ज्याने गोष्ट घेतली, त्याने ती घेताना काय बदललं?

गोंगाट आणि पाप

गिल्गामेशमध्ये प्रलय का आला हे नीटसं सांगितलेलंच नाही. ते कळतं अत्रहसिस या आणखी जुन्या बाबिलोनी काव्यातून. त्याची प्रत इसवी सनापूर्वीच्या सतराव्या शतकातली आहे. हे काव्य सुरू होतं ते देवांच्या संपाने. कनिष्ठ देवांना कालवे खणायचं काम लावलेलं असतं. ते कंटाळतात, अवजारं जाळतात आणि मध्यरात्री वरिष्ठ देव एन्लिलच्या घराला घेराव घालतात. वाटाघाटी होतात आणि तोडगा निघतो : मातीत एका देवाचं रक्त-मांस कालवून माणूस नावाचा मजूर तयार करायचा. प्रश्न मिटला. पण बारा शतकांच्या आत माणसं इतकी वाढतात आणि इतका गलका करतात की एन्लिलला झोप येईना. तो रोगराई पाठवतो, दुष्काळ पाठवतो, तरी माणसं उरतातच. शेवटी पूर.

पूर ओसरल्यावर देवांच्या लक्षात येतं की माणसं मेली म्हणजे नैवेद्य बंद. देव भुकेले झालेले असतात. वाचलेला नायक यज्ञ करतो, तेव्हा ते वास घेत माशांसारखे त्याच्याभोवती घोंघावतात. देवांसाठी ही उपमा वापरायला कवीची काय छाती असेल! आणि यापुढे गर्दी होऊ नये म्हणून तोड निघते : काही बाळं जन्मताना दगावतील, काही पुजारणींना मूल होणार नाही.

हे वाचून बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाकडे, म्हणजे नोहाच्या कथेकडे, वळलं की तिथली वाक्यं वेगळीच ऐकू येतात. तिथे कारण गोंगाट नाही, माणसाची दुष्टाई आहे. प्रलयानंतर देव नोहाला सांगतो की फलद्रूप व्हा, पृथ्वी भरून टाका. बाबिलोनी कथा लोकसंख्येला लगाम घालून संपते आणि हिब्रू कथा तो लगाम काढून टाकते. हा योगायोग नसावा, लिहिणाऱ्याने जुन्या कथेला दिलेलं उत्तर असावं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं. होमाचा सुवास मात्र तसाच राहिला. एकाच देवाच्या धर्मात भुकेल्या देवांची गोष्ट आली, माश्या गेल्या आणि वास उरला. शिवाय बायबलमधली कथाही एकसंध नाही. एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायची आहे, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस. दोन जुन्या कथा एकत्र विणल्याच्या या खुणा आहेत. म्हणजे तुलना दोन पुस्तकांमध्येच करायची असते असं नाही, एकाच पुस्तकाच्या दोन ओळींमध्येही करावी लागते.

इतका पूर मेसोपोटेमियात, म्हणजे या बाबिलोनी कथांच्या प्रदेशातच का सुचला? तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना पूर येतो तो वसंतात, तुर्कस्तानच्या डोंगरांवरचं बर्फ वितळल्यावर. त्या वेळी शेतात पीक कापणीला आलेलं असतं. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२८-२९च्या सुमारास तिथल्या उर या प्राचीन शहरात गाळाचा जाड थर सापडला, तेव्हा नोहाचा पूर सापडल्याची हाकाटी झाली. पण जवळच्या एरिडूत तसा थर मिळाला नाही आणि इतर गावांतले पुराचे थर वेगवेगळ्या काळांतले निघाले. पूर अनेक आले, पण जगबुडी झाल्याचा पुरावा तिथे नाही.

नाईल नदी याच्या अगदी उलट. तिचा पूर उन्हाळ्याच्या अखेरीस, पेरणीच्या आधी येतो आणि सुपीक गाळ देऊन जातो. तिथे पूर न येणं हे संकट. म्हणूनच इजिप्तकडे माणसांच्या संहाराची कथा आहे, पण ती प्रलयाची नाही. रे हा सूर्यदेव म्हातारा होतो, माणसं त्याच्याविरुद्ध कट करतात आणि तो देवीला त्यांच्यावर सोडतो. ती रक्ताला चटावते. मग रे सात हजार घडे बीअर लाल रंगवून शेतांवर ओतायला लावतो. देवी रक्त समजून ती पिते, झिंगते आणि उरलेली माणसं वाचतात. शेतं लाल द्रवाने भरून गेली म्हणून मानवजात तगली! एका देशात पाणी बुडवतं, दुसऱ्या देशात शेतं भरण्यानेच सुटका होते. ‘सगळ्या संस्कृतींत प्रलयकथा आहे’ हे विधान पहिल्यांदा इथे अडखळतं.

मनू, मासा आणि संकासुर

आपल्याकडची सर्वांत जुनी सविस्तर प्रलयकथा शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी समजावणाऱ्या वैदिक ग्रंथात आहे. ऋग्वेदात ती नाही. मनू सकाळी हात धुताना ओंजळीत एक लहान मासा येतो. म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून, असं मनू विचारतो. येणाऱ्या पुरापासून, असं मासा सांगतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून मला वाढव, असंही तो सांगतो. घडा, मग खड्डा, मग समुद्र असा तो वाढत जातो. पूर येतो, मनू नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो, उत्तरेच्या पर्वतावर पोचतो आणि पाणी ओसरेल तसतसा खाली उतरतो.

बाबिलोनी कथेशेजारी ही ठेवली तर काय काय नाही ते आधी डोळ्यांत भरतं. प्रलयाला कारणच नाही. कोणी रागावलेलं नाही, कोणाचं पाप नाही. नावेची लांबी-रुंदी नाही, पक्षी नाहीत, प्राणी नाहीत, बायकोही नाही. मनू एकटा. एकटेपणी तो तूप, दही, दह्याचं पाणी आणि आमिक्षा (दूध फाटून झालेला घट्ट भाग) पाण्यात अर्पण करतो, वर्षभरात त्यातून इडा ही स्त्री प्रकट होते आणि तिच्यापासून पुढची प्रजा होते. ही गोष्ट इथे आली आहे ती यज्ञातल्या इडा नावाच्या हविर्भागाचं माहात्म्य सांगायला. पूर हा नुसता प्रस्ताव आहे. म्हणून ही कथा मेसोपोटेमियातून आली असं म्हणणाऱ्यांचे हात तोकडे पडतात. पक्ष्यांसारखा एकही अडनिडा तपशील जुळत नाही. पूर्वसूचना, नाव आणि पर्वत एवढंच जुळतं, आणि ते स्वस्तातलं साम्य आहे.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ही कथा युधिष्ठिराला सांगतो. आता नावेत सप्तर्षी आहेत, सगळ्या प्रकारचं बियाणं आहे आणि मासा शेवटी आपण ब्रह्मा असल्याचं सांगतो. मत्स्यपुराणात तोच मासा विष्णू होतो. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो, दोर म्हणून वासुकी येतो आणि एक नवं उपकथानक जुळतं : झोपलेल्या ब्रह्मदेवाच्या मुखातून हयग्रीव दैत्य वेद पळवतो, मत्स्य त्याला मारून ते परत आणतो.

या साखळीचं टोक आपल्या कोकणात आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जत्रांमध्ये दशावतारी नाटकाआधी जो आडदशावतार होतो, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर काळ्या वेषातला संकासुर येतो. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, मालवणीत थट्टामस्करी करून प्रेक्षकांना पोट धरून हसवतो आणि शेवटी विष्णूकडून मरतो. प्रलय गेला, नाव गेली, मासासुद्धा जवळजवळ गेला. उरली ती वेदांची चोरी. शतपथात जिचा मागमूसही नव्हता, ती गोष्टच रंगमंचावर मुख्य झाली. तुलना करताना मूळ आणि शुद्ध कथा कोणती, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. प्रत्येक टप्प्यावर काय टिकलं, यावरून जास्त कळतं.

इराणची कथा वेगळ्याच नात्याची. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या वेंदिदाद या भागात यिम नावाच्या राजाला अहुर मज्द हा देव सांगतो की भयंकर हिवाळा येणार आहे, एक आवार बांध आणि त्यात उत्तम माणसं, जनावरं, वनस्पती यांचं बीज आणि अग्नी ठेव. पाण्याऐवजी बर्फ, नावेऐवजी भिंती. यिम हा आपला यम. दोघांचे वडीलही एकच, आपल्याकडचा विवस्वान. आणि मनूही विवस्वानाचाच मुलगा. इराणी आणि भारतीय परंपरा एका घरातून फुटल्या, तेव्हा हे साम्य उसनं घेतलेलं नाही, वाटणीत आलेलं आहे. तिकडे यिम जीव वाचवतो, इकडे ते काम मनूकडे गेलं आणि यमाकडे मेलेल्यांचं राज्य आलं. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडताना या दोन कथा शेजारी ठेवल्या होत्या. तो निष्कर्ष आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण या दोन कथा एकत्र वाचायला हव्यात, ही त्यांची नजर अचूक होती.

ग्रीकांच्या ड्यूकॅलियनची कथा थोडक्यात अशी : झ्यूसचा कोप, बाप प्रॉमिथियसने दिलेली सूचना, एक पेटी, नऊ दिवस नऊ रात्री, पार्नासस पर्वत, आणि मग नवरा-बायकोने पाठीमागे टाकलेल्या दगडांची झालेली माणसं. चीनमध्ये तर नावच नाही. गुन नावाचा माणूस पूर अडवायला नऊ वर्षं बांध घालत राहतो आणि हरतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाट खणून देतो, तेरा वर्षं राबतो, तीनदा स्वतःच्या दारावरून जाऊनही घरात पाऊल टाकत नाही. तिथे कोणी निवडक माणूस वाचत नाही, सगळा देश वाचतो. पाटबंधारे खात्याला हवी तशी कथा!

काय वाचवायचं?

इतक्या कथांना एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी हा विचारीन : नावेत काय घेतलं? संस्कृतीला कशाच्या जाण्याची भीती वाटत होती, ते त्यातून उघडं पडतं. नोहाकडे कुटुंब आणि प्राणी. उत्नपिश्तिम घरचे लोक आणि जनावरं घेतोच, पण सोनं, चांदी आणि हरतऱ्हेचे कारागीरही घेतो. तो शहरी माणूस आहे, गवंडी-सुतारांशिवाय जग पुन्हा उभं राहणार नाही हे त्याला ठाऊक आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुजाऱ्याने हीच कथा ग्रीक भाषेत लिहिली. त्यात देव नायकाला आधी सगळी लिखाणं सिप्पर शहरात पुरून ठेवायला सांगतो. पाणी ओसरल्यावर ती उकरून काढायची. मातीच्या पाट्यांवर लिहिणाऱ्यांनाच हे सुचणार. ज्ञान जमिनीत ठेवा, ते टिकेल. आपल्या पुराणांतले वेद मात्र ब्रह्मदेवाच्या मुखात आहेत. ते पुरता येत नाहीत. झोप लागली, डुलकी आली की चोरीला जातात आणि ते परत मिळवायला जिवंत कोणीतरी लागतं. पाठांतराने ग्रंथ जपणाऱ्या समाजाची धास्ती याहून नेमकी कशी सांगणार?

नावेचा आकारही असाच बोलका आहे. गिल्गामेश महाकाव्यातली उत्नपिश्तिमची नाव चक्क घनाकृती, प्रत्येक बाजू १२० हात. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. २०१४ साली कीलाक्षरांचे अभ्यासक अर्व्हिंग फिंकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या एका जुन्या बाबिलोनी पाटीत तर ती गोल आहे, इराकमध्ये अगदी अलीकडेपर्यंत चालणाऱ्या टोपलीसारख्या नावांसारखी. तळाचं क्षेत्रफळ सुमारे ३६०० चौरस मीटर. या नावेला कुठे जायचंच नव्हतं, फक्त तरंगायचं होतं, तेव्हा पाणी कापणारं पुढचं टोक कशाला हवं?

चित्रकारांनी आणखी वेगळं केलं. आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया प्रांतातल्या अपामिया शहराने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पाडलेल्या नाण्यांवर नोहा आणि त्याची बायको एका पेटीत उभी दिसतात आणि त्याच नाण्यावर शेजारी, जमिनीवर उतरलेलीही दिसतात. कथा दोन क्षण एकामागून एक सांगते, नाणं दोन्ही एकदम दाखवतं. भारतीय शिल्पकार मत्स्यावतार घडवताना बहुधा नाव सोडून देतो, अर्धा मासा आणि अर्धा चतुर्भुज विष्णू एवढं त्याला पुरतं. देव दिसला की काम झालं.

मायकेलअँजेलोने १५०८ नंतर सिस्टीन चॅपेलच्या छतावर प्रलय रंगवला, तेव्हा तारू मागे लांब ढकललं. पुढे आहेत ती बुडणारी माणसं : पाठीवर बायकोला घेतलेला पुरुष, लेकरांना बिलगलेली आई, डोक्यावर घरातलं सामान घेऊन चढण चढणारे लोक. बायबलमध्ये ही माणसं मेली एवढंच सांगितलं आहे आणि नोहा त्यांच्यासाठी रडल्याचंही लिहिलेलं नाही. अकराव्या पाटीत मात्र उत्नपिश्तिम खिडकी उघडतो, सगळी माणसं माती झालेली पाहतो आणि बसून रडतो. नावेचं दार बंद करणाऱ्या माणसाला त्याने आपला राजवाडा सामानासकट देऊन टाकलेला असतो. तो बिचारा राजवाड्याचं काय करणार होता, हे कवी बोलत नाही. मायकेलअँजेलोच्या हयातीत ती पाटी निनवेच्या ढिगाऱ्याखाली होती आणि तिची लिपी वाचणारा एकही माणूस पृथ्वीवर नव्हता. इथे उसनवारी नाही आणि वाटणीही नाही. दोन कलावंतांनी दोन टोकांकडून नावेबाहेरच्यांकडे पाहिलं, एवढंच.